अर्ज असा करावा, बायोडाटा असा लिहावा

लोणी काळभोर हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे गाव. गावाच्या हद्दीत तेल कंपन्यांची आगारे, पुण्याच्या बाजूला हडपसरचे कारखाने आणि मगरपट्ट्यातील संगणक कंपन्या, सोलापूरच्या दिशेने गेले की कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत. थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना चालू होता तेव्हा आसपासच्या अनेक घरांची चूल त्याच्यावर पेटत असे. २०११ च्या सुमारास त्याचे गाळप बंद पडले. त्या काळी नोकरीला चिकटायचे तर कोणाचा तरी शब्द लागायचा. मामा कामाला आहे, साहेब ओळखीचे आहेत, पुढाऱ्याची चिठ्ठी आहे, अशा आधारावर माणूस आत जायचा. चिठ्ठीवाले आजही आहेत. परंतु बहुतेक ठिकाणी आता माणसाच्या आधी त्याचा कागद जातो. तो कागद म्हणजे बायोडाटा. कंपनीवाले त्याला रेझ्युमे म्हणतात.

ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नोकरदार नाहीत, ज्यांचा कोणी मामा साहेब नाही, त्यांच्यासाठी हा कागद फार महत्त्वाचा आहे. आपल्या देशात सेवायोजन कार्यालये सुरू झाली ती १९४५ मध्ये. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळवून देण्यासाठी ती निघाली, आणि त्या वेळी केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. माणसाचे शिक्षण आणि कसब एका कार्डावर लिहायचे, जागा निघाली की त्या कार्डावरून बोलावायचे, अशी ती पद्धत होती. ओळखीच्या जागी नोंद आली. आपल्या वडीलधाऱ्यांनी नूतनीकरणासाठी रांगा लावल्या, ‘कॉल’ची वाट पाहिली, ती याच कार्डाच्या भरवशावर. आज ती नोंदणी ‘महास्वयं’ या शासकीय संकेतस्थळावर होते. ती अवश्य करावी. पण तेवढ्यावर बसून राहू नये. खाजगी नोकरीसाठी आपले कार्ड आता आपल्यालाच लिहायचे आहे.

कागद नावापाशी अडतो तेव्हा

बायोडाटा कसा लिहावा हे सांगण्यापूर्वी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. प्रा. सुखदेव थोरात हे मूळचे अमरावती जिल्ह्यातले, बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. त्यांनी पॉल अॅटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञासोबत एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिराती निवडल्या आणि त्यांना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच. फरक फक्त नावाचा. काही अर्जांवर उच्चवर्णीय हिंदू नाव, काहींवर दलित आडनाव, तर काहींवर मुस्लिम नाव. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाला. मुलाखत झालेली नाही, चेहरा पाहिलेला नाही, तरी हा फरक!

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन या शहरांत सुमारे पाच हजार बायोडाटा असेच पाठवण्यात आले होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा पन्नास टक्के अधिक बोलावणी आली.

मग चांगला बायोडाटा लिहून उपयोग काय, असे एखादा तरुण विचारील. प्रश्न रास्त आहे. भेदभावाचे उत्तर एकट्या बायोडाट्यात नाही. ते कायद्यात, संघटनेत आणि खाजगी क्षेत्रातील प्रतिनिधित्वाच्या लढ्यात आहे. परंतु या आकड्यांचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. दलित नावाच्या अर्जांनाही बोलावणी आलीच. फक्त कमी आली. म्हणजे जिथे दुसऱ्याला दहा अर्ज पुरतात, तिथे आपल्याला पंधरा करावे लागतील. आणि ज्याच्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते, त्याच्या कागदात बाजूला ठेवायला दुसरे कोणतेही निमित्त सापडता कामा नये. शुद्धलेखनाची चूक, चुकलेला मोबाईल नंबर, विसंगत तारीख, ही निमित्ते आपण आपल्या हाताने का द्यावीत?

जुन्या नमुन्यातले काय वगळावे

आपल्याकडे बायोडाट्याचा जो नमुना पिढीजात चालत आला आहे, तो खरे म्हणजे लग्नाच्या स्थळाचा नमुना आहे. वडिलांचे नाव व व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, भावंडे, उंची, छंद! निम्मा कागद यातच संपतो आणि उमेदवाराला काम काय येते हे शेवटच्या दोन ओळींत दडून राहते. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना मिळतो. त्यात फक्त नाव बदलून घेतले जाते. मग एकाच वस्तीतल्या पाच मुलांचे छंद ‘वाचन, प्रवास, क्रिकेट’ आणि पाचही मुलांचे ध्येय इंग्रजीतले एकच लांबलचक वाक्य, ज्याचा अर्थ पाचांपैकी एकालाही सांगता येत नाही. आवक-जावक सांभाळणाऱ्या लिपिकाला असे कागद एका नजरेत ओळखू येतात.

खाजगी नोकरीच्या बायोडाट्यात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती लिहिण्याची गरज नाही. कामाशी त्याचा संबंध नाही. आधार क्रमांक, पॅन क्रमांक आणि बँक खाते तर मुळीच लिहू नये; हा कागद कोणाकोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. छायाचित्र मागितले असेल तरच लावावे.

काहीजण विचारतात, आडनाव बदलावे का, गाळावे का? आमचे मत स्पष्ट आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आहे तेच बायोडाट्यावर असावे. नाव हे लाजेचे कारण नाही, आणि व्यवहारातही नावातील तफावत पुढे त्रास देते. गुणपत्रिका, आधार, पॅन आणि बँक खाते यांवर नाव एकसारखे आहे ना, हे आजच पाहून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्रातील प्रसिद्धी किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

‘अनुभव काही नाही’ असे म्हणू नका

तरुणांना बायोडाटा लिहायला बसवले की पहिले वाक्य ठरलेले असते, ‘मला अनुभव काहीच नाही.’ थोडे खोदून विचारले की वेगळेच निघते. कोणी जयंती मंडळाचा दोन वर्षे खजिनदार होता. पावतीपुस्तके छापून घेतली, वर्गणीचा हिशेब ठेवला, मंडपवाल्याशी आणि पोलीस परवानगीसाठी बोलणी केली. कोणी विहारात लहान मुलांचे वर्ग घेते. एखादी मुलगी आईच्या बचत गटाचे रजिस्टर लिहिते आणि बँकेत भरणा करते. कोणी सुट्टीत गोदामात खोकी मोजली, कोणी मोटारसायकलवरून पार्सले पोहोचवली. हा अनुभव नव्हे तर काय? मोबदला मिळाला नाही किंवा नेमणुकीचे पत्र नव्हते, म्हणून काम हे काम राहत नाही असे नाही.

मात्र ते काम नेमक्या शब्दांत आणि आकड्यांत मांडले पाहिजे. ‘कॉम्प्युटर येतो’ असे लिहून काही कळत नाही. ‘एमएस-सीआयटी उत्तीर्ण, एक्सेलमध्ये पगारपत्रक तयार करता येते, टॅलीमध्ये खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि जीएसटी बिले करता येतात’ असे लिहिले की कळते. ‘टायपिंग येते’ याऐवजी ‘मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, शासकीय प्रमाणपत्र’ असे लिहावे. ‘गोदामात काम केले’ याऐवजी ‘मालाची आवक-जावक नोंद, बारकोड तपासणी, महिनाअखेर शिल्लक मोजणी’ असे लिहावे. ‘बचत गटाला मदत’ याऐवजी ‘पंधरा सभासदांच्या गटाचे जमा-खर्च रजिस्टर तीन वर्षे लिहिले’ असे लिहावे. आकडा खराच असावा; फुगवलेला आकडा मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला फुटतो.

इथे एक अडचण येते, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या मुलांचे बरेचसे काम ज्या मंडळात, विहारात, वाचनालयात झालेले असते, त्या नावावरूनच वाचणाऱ्याला सारे समजते. मग ते लिहावे की नाही? आमचा सल्ला असा, की आधी काम लिहावे, संस्थेचे नाव नंतर. ‘खजिनदार, सार्वजनिक उत्सव समिती: दोन वर्षे वर्गणी आणि खर्चाचा हिशेब’ असे लिहिले तरी ते खरेच आहे. पूर्ण नाव लिहायचे असेल तर अभिमानाने लिहावे. निवड ज्याची त्याने करावी. पण मुलाखतीत विचारले तर नाकारू नये आणि चाचरूही नये. सर्वांसमोर पै-पैचा हिशेब दिलेल्या माणसाला मान खाली घालण्याचे कारण नाही.

मांडणी कशी असावी

नवीन उमेदवाराचा बायोडाटा एका पानाचा असावा. दहा-पंधरा वर्षे काम केलेल्याने दोन पाने घ्यावीत, अधिक नाही. क्रम साधारण पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. वर पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाईल नंबर आणि ई-मेल. घरचा दुसरा एक नंबरही द्यावा. ई-मेल स्वतःच्या नावाचा असावा; गमतीचे टोपणनाव मित्रांपुरते राहू द्यावे.

२. त्याखाली दोन-तीन ओळींत आपला गोषवारा. ‘बी.कॉम. पदवीधर, टॅली व जीएसटीचे काम येते, लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज’, एवढे पुरे. नोकरी बदलेल तशी ही ओळ बदलावी. लेखनिकाच्या जागेला आणि गोदाम पर्यवेक्षकाच्या जागेला एकच कागद चालत नाही.

३. नंतर कामाचा अनुभव. सर्वांत अलीकडचे काम वर, जुने खाली. प्रत्येक ठिकाणी हुद्दा, कालावधी आणि केलेले काम.

४. नंतर शिक्षण, तेही अलीकडचे वर. वर्ष, विद्यापीठ किंवा मंडळ, टक्के किंवा श्रेणी. आयटीआय झालेल्यांनी ट्रेड आणि अप्रेंटिसशिप कोठे केली ते लिहावे.

५. शेवटी अवगत भाषा, संगणक, वाहन परवाना. तेल आगारे आणि मालवाहतूक यांच्या परिसरात जड वाहनाचा परवाना किंवा अग्निसुरक्षेचे प्रशिक्षण ही मोठी जमेची बाजू ठरते. ती शेवटच्या ओळीत लपवू नये.

शिक्षणात खंड पडला असेल तर खोटी वर्षे घालू नयेत. ‘२०१९ ते २०२१ कौटुंबिक जबाबदारीमुळे शिक्षण स्थगित, त्या काळात किराणा दुकानात काम’ असे सरळ लिहिलेले बरे. एखाद्या विषयात नापास होऊन पुन्हा उत्तीर्ण झालात, यात गुन्हा नाही. मराठी माध्यमातून शिकलात यातही नाही. इंग्रजी बायोडाटा लिहिताना छोटी, सोपी वाक्ये लिहावीत आणि पाठवण्यापूर्वी इंग्रजी चांगले असलेल्या शिक्षकाकडून एकदा वाचून घ्यावा. अवघड शब्दांनी इंग्रजी चांगले होत नाही. वाचणाऱ्याला अडखळू न देणारे इंग्रजी ते चांगले.

मोठ्या कंपन्यांत आता पहिली चाळणी संगणक लावतो. जाहिरातीत जे शब्द आहेत, उदाहरणार्थ ‘टॅली’, ‘इन्व्हेंटरी’, ‘फोर्कलिफ्ट’, ते शब्द तो बायोडाट्यात शोधतो. म्हणून जाहिरात दोनदा वाचावी आणि आपल्याला जे खरोखर येते ते जाहिरातीच्याच शब्दांत लिहावे. रंगीत चौकटी, नक्षी, चित्रे टाळावीत. साध्या अक्षरांतला कागद संगणकालाही वाचता येतो आणि माणसालाही.

सरकारी अर्ज वेगळा असतो

खाजगी बायोडाट्यात जात लिहू नका असे वर म्हटले. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या अर्जात याच्या नेमके उलट आहे. तिथे प्रवर्गाचा रकाना अचूक भरला नाही तर हक्काची जागा हातची जाते. बौद्ध उमेदवारांनी एक इतिहास ध्यानात ठेवावा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. राज्यात सवलती मिळत असल्या तरी केंद्राच्या नोकऱ्यांत दार बंद होते. दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही तो हक्क मिळाला. म्हणून केंद्र सरकार, रेल्वे, बँक किंवा सरकारी तेल कंपनीसाठी अर्ज करताना आपला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आहे ना, त्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख आहे ना, हे तपासावे. नुसते ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेल्या दाखल्यावर ऐन पडताळणीच्या वेळी धावपळ होते.

राज्य सरकारच्या राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. त्यापूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद किंवा महसुली कागद शोधून ठेवावा. मराठवाड्यातून, सोलापूरकडून येऊन लोणीत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी तर हे काम आजच हाती घ्यावे, कारण पुरावा मूळ गावी असतो आणि जाहिरातीची मुदत कोणासाठी थांबत नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी पुण्यातील बार्टी ही शासनाची संस्था अनुसूचित जातींच्या उमेदवारांसाठी प्रशिक्षणाच्या योजना चालवते. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

पाठवताना आणि पाठवल्यानंतर

बायोडाटा पीडीएफ करून पाठवावा आणि फाईलला स्वतःचे नाव द्यावे. कागदाचा मोबाईलवर काढलेला वाकडा फोटो पाठवू नये. सोबत चार ओळींचे पत्र लिहावे. कोणत्या जागेसाठी अर्ज, जाहिरात कोठे पाहिली, त्या कामाला उपयोगी अशी आपली एक गोष्ट आणि केव्हा भेटू शकतो, एवढेच त्यात असावे. एका वहीत तारीख, कंपनी, जागा आणि आलेले उत्तर यांची नोंद ठेवावी. ज्याला पंधरा अर्ज करायचे आहेत त्याला ही वही फार उपयोगी पडते. आठ-दहा दिवसांनी नम्रपणे एकदा चौकशी करावी.

ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आपल्या परिसरात बरीच मुले आगारांत, गोदामांत ठेकेदारामार्फत राबतात. वर्षे जातात आणि कागदावर काहीच उरत नाही. पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, हजेरी कार्ड आणि काम सोडताना अनुभवाचे पत्र मागून घ्यावे. मागण्यात संकोच कसला? घाम गाळला त्याचा तो पुरावा आहे. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका, मूळ प्रमाणपत्रेही कोणाच्या ताब्यात ठेवू नका.

मुलाखतीला बोलावणे आले की ‘घरी कोण काय करते’ हा प्रश्न बहुधा येतो. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील पंचवीस कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून अभ्यास केला, तोही २००७ मध्येच प्रसिद्ध झाला. गुणवत्तेशिवाय काही पाहत नाही असे म्हणणारे अधिकारीही कौटुंबिक पार्श्वभूमीला मोठे महत्त्व देत असल्याचे त्यात दिसले. या प्रश्नाचे उत्तर घरूनच तयार करून जावे. ‘वडील सफाई कामगार होते, आई शेतावर मजुरी करते, आम्ही दोघे भावंडे पदवीपर्यंत शिकलो’ हे वाक्य शांतपणे, समोर पाहून म्हणण्याचा सराव करा. त्यात कष्ट आहेत, चिकाटी आहे. लपवण्यासारखे काहीही नाही.

घरात एक फाईल

शेवटचे चार शब्द आई-वडिलांसाठी. घरात प्रत्येक मुलाच्या नावाची एक फाईल करा. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, टायपिंग आणि संगणकाची प्रमाणपत्रे, अनुभवाची पत्रे, सारे एकत्र ठेवा आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स. पत्र्याच्या घरात पावसाचे पाणी येते. फाईल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्येही प्रती जपून ठेवा. मुलीची फाईल मुलाच्या आधी करा, कारण लग्नाच्या घाईत तिचेच कागद माहेरी-सासरी हरवतात.

आणि ज्यांना नोकरी लागली आहे त्यांनी महिन्यातला एक रविवार विहारात किंवा समाजमंदिरात बसावे. दोन मुलांचे बायोडाटे वाचावेत, चुका दाखवाव्यात, आपल्या कार्यालयात जागा निघाली तर सांगावे. दुसऱ्यांच्या घरी हे काम काका-मामा करतात. आपल्याकडे ते समाजाने करायचे आहे.

जयभीम!